बंदिशीचे स्वामित्व : विष्णु दिगंबर पलुस्करांचा नाशिकशी जोडलेला संगीतवारसा आणि समकालीन कायद्यापुढील प्रश्न

प्रस्तावना :

नाशिक हे नगर तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. गोदावरी, काळाराम मंदिर, सिंहस्थ कुंभमेळा यांमुळे नाशिकचा धार्मिक इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला. त्या मानाने नाशिकच्या सांगीतिक इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासातील एक युगप्रवर्तक व्यक्तिमत्त्व, गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१), यांच्या आयुष्याचा अखेरचा कालखंड नाशिकशी निगडित आहे. पंचवटी परिसरातील त्यांचा 'रामनाम आधार आश्रम' हे भक्ती आणि संगीतशिक्षण यांचे एकत्रित केंद्र होते. पंचवटीतील इंद्रकुंड भागातील सभागृहाला पलुस्करांचे नाव असून त्या रूपाने शहराने त्यांची स्मृती जपली आहे.

परंपरा टिकते म्हणजे नेमके काय टिकते, हा प्रश्न संगीताच्या बाबतीत विशेष कठीण आहे. मंदिर दगडात टिकते, ग्रंथ कागदावर टिकतो. परंतु बंदिश ही गाणाऱ्याच्या कंठात आणि ऐकणाऱ्याच्या कानात टिकते. अशा अमूर्त वस्तूवर मालकी कोणाची? ती गाण्याचा, छापण्याचा, ध्वनिमुद्रित करण्याचा अधिकार कोणाला? आणि ती कोणाची म्हणून सांगितली जावी? हे प्रश्न आज न्यायालयापर्यंत पोहोचले आहेत. प्रस्तुत लेखात पलुस्करांच्या कार्याच्या आधारे या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) घराणेपद्धतीत बंदिशीच्या मालकीविषयी असलेल्या रूढ कल्पनांचा आढावा घेणे.
२) पलुस्करांच्या स्वरलेखन व संस्थात्मक कार्यामुळे या कल्पनांत झालेला बदल तपासणे.
३) भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यातील (कॉपीराइट) संबंधित तरतुदी पारंपरिक संगीताला कितपत लागू पडतात, हे पाहणे.
४) ध्वनिनियमनाच्या कायद्याचा मैफिलीच्या परंपरेवरील परिणाम नोंदविणे.

अभ्यास पद्धती :

सदर लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संगीतविषयक प्रकाशित साहित्य, कायद्यातील तरतुदी आणि न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे.

१. घराणे : लिखित नसलेला कायदा

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीत हे प्रामुख्याने राजाश्रयावर आणि घराण्यांवर उभे होते. गंडाबंधन झालेल्या शिष्यालाच विद्या मिळे. तीही गुरूच्या मर्जीनुसार. दुर्मिळ बंदिशी व अप्रचलित राग ही घराण्याची 'खास' संपत्ती मानली जाई. तबल्याच्या क्षेत्रात तर लखनौ घराण्याने फर्रुखाबादच्या हाजी विलायत अली खाँ यांना विवाहप्रसंगी गती हुंड्यात दिल्या, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. या आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यातील सामाजिक धारणा महत्त्वाची आहे. रचना ही देता येते, राखून ठेवता येते, वारशाने मिळते. म्हणजेच ती मालमत्ता आहे, असे संगीतकारांचा समाज मानत होता. मात्र ही मालमत्ता कोणत्याही राज्यसंस्थेने मान्य केलेली नव्हती. तिचे रक्षण होई ते दोन गोष्टींमुळे : गुप्तता आणि लोकलज्जा.

लोकलज्जेचा भाग आजही जिवंत आहे. गुरूचे वा थोर कलावंताचे नाव घेताना गायक कानाच्या पाळीला हात लावतो, बंदिश सादर करण्यापूर्वी ती कोणाकडून मिळाली हे सांगतो. हा केवळ शिष्टाचार नव्हे. रचना कोठून आली याची ती तोंडी नोंद आहे. जी मालकी कागदावर नव्हती, ती या ऋणनिर्देशाने टिकून राहिली.

महाराष्ट्रात ग्वाल्हेर गायकी रुजविणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ही विद्या प्रदीर्घ गुरुसेवेने मिळविली होती. त्यांच्याकडे मिरजेस विष्णु दिगंबरांचे शिक्षण झाले. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या विष्णु दिगंबरांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली होती आणि त्यामुळेच ते संगीताकडे वळले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. विद्या संपादन करण्याची जुनी रीत त्यांनी स्वतः अनुभवली होती. पुढे त्यांनी उभारलेली व्यवस्था मात्र तिच्याहून सर्वस्वी भिन्न होती.

२. विद्यालय, करार आणि स्वरलेखन

५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकाश्रयावर चालणारी ही संस्था होती. १९०८ मध्ये मुंबईत तिची शाखा सुरू झाली. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, पदवी आणि छापील पाठ्यपुस्तके ही तिची वैशिष्ट्ये होती. संगीतशिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालविला व त्यातील विद्यार्थ्यांकडून ठरावीक वर्षे विद्यालयात राहून शिकण्याचा लेखी करार करून घेतला. गंड्याच्या धाग्याची जागा कराराच्या कागदाने घेतली, असे म्हणता येईल. संगीताच्या क्षेत्रात आधुनिक कायद्याची भाषा अशा प्रकारे प्रथम शिक्षणाच्या मार्गाने शिरली.

याहून महत्त्वाचा बदल स्वरलेखनाचा होय. पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि बंदिशी छापून प्रसिद्ध केल्या. त्यांचे समकालीन पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी निराळ्या, अधिक सुटसुटीत पद्धतीने 'क्रमिक पुस्तक मालिका' सिद्ध केली. भातखंडे हे कायद्याचे पदवीधर होते व त्यांनी वकिलीही केली होती, ही बाब लक्षणीय आहे. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळविल्या व त्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. एकीकडे, ज्या रचना गुप्ततेत नष्ट झाल्या असत्या त्या वाचल्या. मध्यमवर्गीय स्त्री-पुरुषांना, ज्यांना घराण्याचे दार उघडणे शक्य नव्हते, त्यांना संगीत शिकता आले. दुसरीकडे, ज्या मुस्लिम उस्तादांच्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या हे धन सांभाळले, त्यांचे गुप्ततेचे एकमेव संरक्षण संपले आणि त्याऐवजी दुसरे कोणतेही संरक्षण त्यांना मिळाले नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संग्राहकाचे नाव आले. बंदिश देणाऱ्याचे नाव प्रत्येक ठिकाणी आलेच असे नाही. दरबारांशी व कोठ्यांशी संबंधित गायिकांचे श्रेय तर याहूनही अधिक पुसले गेले.

३. नाशिक : अखेरचा आश्रय

मुंबई येथील गांधर्व महाविद्यालयाची स्वतंत्र वास्तू कर्ज काढून उभारली गेली. कर्ज फिटले नाही आणि १९२० च्या दशकात ती वास्तू लिलावात गेली. लोकाश्रयावर संस्था चालविण्याचा हा कटू अनुभव होता. याच काळात पलुस्कर अधिकाधिक रामभक्तीकडे वळले आणि नाशिकच्या आश्रमात त्यांनी आपले कार्य केंद्रित केले. येथे कीर्तन, रामायणप्रवचन, नामस्मरण आणि त्याबरोबरच गायनाचे शिक्षण चाले. महाविद्यालयाकडून पुन्हा गुरुकुलाकडे असा हा प्रवास दिसतो. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

एका अर्थी ही कहाणी अपयशाची वाटते. परंतु परंपरेच्या दृष्टीने निष्कर्ष वेगळा निघतो. वास्तू गेली, पद्धती टिकली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली व आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना देशभरातील विद्यार्थी बसतात. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर ही शिष्यमंडळी स्वतंत्र परंपरा ठरली. पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमाच्या प्रार्थनेत संगीत आणले व १९३० च्या दांडीयात्रेत भाग घेतला. पलुस्करांचे पुत्र पं. दत्तात्रेय विष्णु तथा डी. व्ही. पलुस्कर (१९२१-१९५५) वडिलांच्या निधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. पुढे पटवर्धन व व्यास या गुरुबंधूंनी त्यांना घडविले. पित्याची विद्या पित्याच्या शिष्यांमार्फत पुत्राकडे परत आली. कायद्याच्या वारसापत्रात न बसणारा असा हा वारसा आहे.

४. प्रतिलिप्यधिकार कायदा आणि 'संगीतकृती'ची व्याख्या

ब्रिटिश कायद्यावर बेतलेला १९१४ चा अधिनियम बाजूला सारून १९५७ चा प्रतिलिप्यधिकार अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यातील मूळ व्याख्येनुसार 'संगीतकृती' म्हणजे मुद्रित, लिखित किंवा अन्य रीतीने आलेखित केलेला स्वरधुनी वा स्वरसंवाद. म्हणजेच कागदावर न उतरलेली बंदिश कायद्याच्या लेखी संगीतकृतीच नव्हती. पलुस्कर-भातखंडे यांनी शिक्षणाचे साधन म्हणून जे स्वरलेखन स्वीकारले, ते अशा रीतीने कायद्यात अधिकाराची पूर्वअट बनले. लिहिणारा संरक्षित आणि गाणारा असंरक्षित, अशी ही स्थिती होती.

१९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडियन मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा प्रश्न आला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात या त्रुटीकडे लक्ष वेधले. भारतीय संगीतात गायकाचे स्थान केंद्रवर्ती असताना कायदा त्याला काहीच देत नाही, अशा आशयाची खंत त्यांनी व्यक्त केली. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने व्याख्येतील लेखनाची अट काढली. स्वरलिपी असो वा नसो, जो रचना करतो तो संगीतकार, असे मान्य झाले आणि कलम ३८ अन्वये सादरकर्त्यांचे हक्क प्रथमच अस्तित्वात आले. त्यांची मुदत १९९९ च्या दुरुस्तीने ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्कही दिला.

या तरतुदी पलुस्कर परंपरेला लावून पाहिल्या असता पुढील चित्र दिसते. १९५७ च्या अधिनियमात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचा प्रश्न उपस्थित झाल्यावर १९९२ मध्ये ती ६० वर्षे करण्यात आली. विष्णु दिगंबरांच्या स्वतःच्या कृतींवरील हक्क १९८१ अखेर, तर भातखंडे यांच्या कृतींवरील हक्क १९८६ अखेर संपला; पुढील मुदतवाढीने तो पुन्हा जिवंत झाला नाही. ओंकारनाथ ठाकूर (मृत्यू १९६७) यांच्या कृतींची मुदत २०२७ अखेर आणि 'राग विज्ञान' लिहिणाऱ्या विनायकराव पटवर्धन (मृत्यू १९७५) यांच्या कृतींची २०३५ अखेर संपेल. एकाच गुरूच्या शिष्यांनी एकच पारंपरिक बंदिश आपापल्या ग्रंथात छापली असेल, तर बंदिश सर्वांची. पण तिचे विशिष्ट स्वरलेखन व विवेचन मात्र मुदतीपर्यंत ग्रंथकाराचे, असा भेद येथे करावा लागतो. शिक्षकांना व प्रकाशकांना हा भेद माहीत असणे आवश्यक आहे.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ध्वनिमुद्रिकेची मुदत ती प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे असते. त्यामुळे डी. व्ही. पलुस्करांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकांवरील हक्क उशिरात उशिरा २०१५ अखेर संपला. 'बैजू बावरा' (१९५२) या चित्रपटात त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासह गायिलेली देसी रागातील जुगलबंदी सर्वश्रुत आहे. त्या चित्रपटावरील हक्क २०१२ अखेर संपला. परंतु गीतकार शकील बदायुनी (मृत्यू १९७०) यांच्या शब्दांवरील हक्क २०३० पर्यंत आणि संगीतकार नौशाद (मृत्यू २००६) यांच्या संगीतकृतीवरील हक्क २०६६ पर्यंत राहतो. देसी राग मात्र कोणाचाच नाही. एकाच गाण्यात कायद्याचे असे चार थर आहेत आणि ज्या दोन गायकांमुळे ते गाणे अजरामर झाले, त्यांना यांपैकी कोणत्याही थरात स्थान नाही.

अप्रकाशित ध्वनिफितींबाबत आणखी एक अडचण आहे. मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्यामुळे कधीच प्रकाशित न झालेल्या जुन्या मैफिलीच्या फितीवरील हक्क संपत नाही. खासगी संग्रहातील फीत झिजत जाते, पण तिच्यावरील हक्क मात्र ताजा राहतो. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याकडील मूळ प्रतीचे जतनार्थ अंकीय रूपांतर करावे, अशी सवलत २०१२ च्या दुरुस्तीत आहे. तिचा उपयोग मात्र फारसा केला जात नाही.

५. परंपरा की व्यक्ती? : डागर प्रकरण

बंदिश परंपरेची की व्यक्तीची, हा प्रश्न अलीकडे दिल्ली उच्च न्यायालयात उपस्थित झाला. 'पोन्नियिन सेल्वन - २' (२०२३) या चित्रपटातील एका गीताची रचना आपले पिता व काका, म्हणजे 'कनिष्ठ डागर बंधू', यांच्या 'शिवस्तुती' या ध्रुपद रचनेवर बेतली असल्याचा दावा उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान व इतरांविरुद्ध केला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत डागरवाणी परंपरेचा उल्लेख होता, व्यक्तींचा नव्हता. २५ एप्रिल २०२५ रोजी एकल न्यायपीठाने अंतरिम आदेशाद्वारे दोन्ही बंधूंचे नाव श्रेयात देण्याचे निर्देश दिले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी खंडपीठाने तो आदेश रद्द केला. रचना सादर केली, एवढ्यावरून ती सादरकर्त्यानेच निर्माण केली असे प्रथमदर्शनी मानता येत नाही, ही खंडपीठाच्या निर्णयामागील भूमिका होती.

या प्रकरणाचा ऐतिहासिक अर्थ स्पष्ट आहे. लेखनाची अट १९९४ मध्ये कायद्यातून गेली. पुराव्याच्या रूपाने ती न्यायालयात परत आली. मौखिक परंपरेत रचनाकार सिद्ध करायचा कसा? विशेषतः जेथे नवी रचनाही 'ही आमच्या बुजुर्गांची' असे नम्रतेने म्हणून सादर केली जाते, तेथे हीच नम्रता वारसांच्या विरोधात जाऊ शकते.

येथे भौगोलिक उपदर्शनाची (जीआय) तुलना उद्बोधक ठरेल. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये हे मानांकन मिळाले. नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी व नाशिकची द्राक्षे यांनाही ते लाभले आहे. परंतु हा कायदा केवळ वस्तूंना लागू आहे. ज्या मिरजेत पलुस्कर शिकले तेथील तानपुरा संरक्षित झाला. तानपुऱ्यावर गायिली जाणारी गायकी नाही. भारताने २००५ मध्ये स्वीकारलेला युनेस्कोचा २००३ चा अमूर्त वारसाविषयक करार जतनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकतो, पण मालकीचा प्रश्न तो सोडवीत नाही.

६. रात्रीचे राग आणि रात्रीचे दहा

कायद्याचा परिणाम मालकीपुरता मर्यादित नाही. हिंदुस्थानी संगीतात रागांचे प्रहर ठरलेले आहेत. मालकंस, दरबारी कानडा हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग. ललत, भैरव हे पहाटेचे. रात्रभर चालणारी मैफल ही या समयसिद्धान्ताची प्रयोगशाळा होती. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई आहे. २०१० च्या दुरुस्तीने वाद्यांचाही त्यात समावेश झाला. बंदिस्त सभागृहांना यातून सूट असून वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे.

नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने हे नियम आवश्यक आहेत, याविषयी दुमत नसावे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग मानला. परंतु खुल्या मंडपातील महोत्सव रात्री दहाच्या आत आटोपू लागल्याने उत्तररात्रीचे राग मंचावरून मागे सरले, हाही या नियमांचा परिणाम होय. नाशिकची विशेष ओळख असलेल्या ढोलवादनासही याच नियमांना सामोरे जावे लागते. २०२४ मध्ये पुण्यातील ढोल-ताशा पथकांच्या सदस्यसंख्येवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेल्या ३० च्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शंभर ढोलांचा गजर व एका तानपुऱ्याचा नाद यांना एकच घड्याळ लावणे योग्य आहे काय, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावयास हवा.

निष्कर्ष :

१) घराणेपद्धतीत बंदिशीवर मालकी होती; ती गुप्तता व ऋणनिर्देश यांवर आधारलेली होती. स्वरलेखनाने गुप्तता संपविली. ऋणनिर्देशाची रूढी मात्र कायद्यात पूर्णपणे उतरली नाही.
२) पलुस्करांचा वारसा वास्तू, धन वा कायदेशीर हक्क यांमुळे टिकला नाही; तो शिष्य, अभ्यासक्रम व मुद्रित ग्रंथ यांमुळे टिकला. विद्या वाटल्यामुळे ती राहिली.
३) तरीही वाटलेल्या विद्येचे श्रेय हरवू नये. पारंपरिक रचनेवर मक्तेदारी निर्माण करणे परंपरेस घातक आहे, पण स्रोताचा उल्लेख बंधनकारक करणे परंपरेस पोषकच ठरेल. 'मालकी' व 'श्रेय' या दोन बाबी कायद्याने वेगळ्या केल्या पाहिजेत.
४) संगीतसंस्था, महाविद्यालये व ग्रंथालये यांनी बंदिश, ती देणारी व्यक्ती आणि गुरुपरंपरा यांची तारीखवार नोंद ठेवल्यास न्यायालयासमोरील पुराव्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. नाशिकमधील जुन्या ध्वनिफिती व हस्तलिखित वह्या यांच्या जतनापासून या कार्याचा प्रारंभ होऊ शकतो.
५) ध्वनिनियमांत अल्प ध्वनीच्या शास्त्रीय मैफिलींसाठी स्वतंत्र विचार व्हावा आणि तोपर्यंत बंदिस्त सभागृहांत उत्तररात्रीच्या व पहाटेच्या मैफिलींना सार्वजनिक संस्थांनी उत्तेजन द्यावे.

पलुस्करांनी संगीताला दरबारातून समाजात आणले. समाजात आलेल्या या संगीताला न्याय्य नियम देणे, ही आजच्या पिढीची जबाबदारी आहे. गायक कानाला हात लावून जे सांगतो, ते कायद्याला आपल्या भाषेत सांगता आले तर परंपरा आणि कायदा यांतील अंतर निश्चितच कमी होईल.